तळघरातला ठेका: ब्रिटिश रिदम अँड ब्लूज ऐकायला लागताना

लंडनच्या पश्चिमेला ईलिंग ब्रॉडवे स्टेशनातून बाहेर पडलं, की रस्त्यापलीकडे दोन इमारतींच्या फटीतून एक चिंचोळी वाट खाली उतरते. तिथल्या तळघरात १७ मार्च १९६२ च्या शनिवारी अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या दोन ब्लूजवेड्या वादकांनी आपला क्लब सुरू केला. वर चहाचं दुकान आणि खाली दोनेकशे माणसं कशीबशी मावतील एवढी खोली. गर्दीच्या श्वासाने छताला पाणी सुटायचं आणि ते वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर ठिबकायचं. म्हणून मंचावर ताडपत्री ताणून बांधायचे. त्या ताडपत्रीखाली ड्रमवर असायचा चार्ली वॉट्स. समोरच्या गर्दीतून कधी मिक जॅगर गायला पुढे यायचा, कधी ब्रायन जोन्स गिटार घेऊन. पुढे हे तिघेही ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडमध्ये वाजवायला लागले.

नव्याने ऐकणाऱ्याला मी सगळ्यात आधी ही खोली सांगते, कारण हे संगीत तिच्यासाठी घडलंय. बसून दाद देणाऱ्यांसाठी नव्हे, खांद्याला खांदा लावून नाचणाऱ्यांसाठी. एकट्याने, मान खाली घालून, कानात बोळे कोंबून ऐकलंत तर तीन-चार गाण्यांत कंटाळाल. ‘सगळं सारखंच वाटतं’ असं मला अनेकांनी सांगितलंय आणि प्रत्येक वेळी ऐकण्याची पद्धतच चुकलेली निघाली. म्हणून हा लेख ऐकायचं कसं यापासून सुरू होतो. काय ऐकायचं ते त्याच्या ओघात येईलच.

नावाचा घोळ आधी मिटवा

मोबाइलवर नुसतं ‘आर अँड बी’ शोधलंत तर हल्लीची गुळगुळीत प्रेमगीतं समोर येतील. ते वेगळं घराणं आहे. ‘रिदम अँड ब्लूज’ हा शब्द अमेरिकेत १९४९ साली बिलबोर्ड मासिकाने कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतासाठी वापरायला सुरुवात केली. त्याआधी त्या यादीचं नावच ‘रेस रेकॉर्ड्स’ असं होतं. ब्रिटनमधल्या पोरांनी तो शब्द उचलला आणि शिकागोचा विजेच्या गिटारीवरचा ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं आर्त गाणं), चक बेरी आणि बो डिडलीची नाचरी गाणी, थोडं सोल, थोडं जॅझ असं सगळं त्यात भरलं. तेव्हा शोधताना ‘ब्रिटिश’ हा शब्द आणि १९६२ ते १९६६ ही वर्षं जोडा. आणखी एक सावधगिरी म्हणजे गाण्यापुढचं साल बघा. जुन्या बँडांच्या नावाने नंतरच्या काळात पुन्हा ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांचा सुळसुळाट आहे, आणि त्यात जीव नसतो.

टाळी कुठे द्यायची

आपला कान समेवर वाढलेला आहे. भजन असो, लावणी असो, वजन पहिल्या मात्रेवर शोधायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली. इथे चार मात्रांत टाळी पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला जमिनीवर टेका, हातांनी दुसरी आणि चौथी धरा. पहिल्या दिवशी हात आणि पाय भांडतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका क्षणी कंबर आपोआप हलायला लागते. तो क्षण येईपर्यंत पुढची पायरी चढू नका.

मग त्या मात्रेच्या पोटात शिरा. बऱ्याच गाण्यांत प्रत्येक मात्रेचे तीन भाग असतात आणि पहिला व तिसराच वाजतो. तोंडाने ‘डूंऽग, डूंऽग, डूंऽग, डूंऽग’ म्हणा, ‘डूं’ लांब आणि ‘ग’ आखूड. याला शफल म्हणतात. टांग्याच्या घोड्याची चाल ज्यांनी ऐकलीय त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

घरात पेटी असेल तर काढा

या संगीताचा सांगाडा फारच साधा आहे. चार मात्रांचा एक विभाग, असे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. इंग्रजीत त्याला ‘ट्वेल्व्ह बार’ म्हणतात. त्यात स्वरांच्या तीनच जुळण्या: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. पहिले चार विभाग ‘सा’वर, मग दोन ‘म’वर, पुन्हा दोन ‘सा’वर, एक ‘प’वर, एक ‘म’वर आणि शेवटचे दोन ‘सा’वर. संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

मी लहानपणी पेटी शिकले होते, म्हणून ही पायरी मला वाद्यावरच उमगली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने या तीन जुळण्या, आणि तोंडाने विभाग मोजत राहायचं. मग हळूच त्यात एकेक स्वर वाढवा. ‘सा’च्या जुळणीत कोमल नी मिसळा, ‘म’च्या जुळणीत कोमल ग. आता काय झालं बघा: ‘सा’वर असताना शुद्ध गंधार वाजतोय आणि ‘म’वर जाताच तोच गंधार कोमल होतोय. एकाच गाण्यात दोन्ही गंधार! गाणारा मग या दोघांच्या मधल्या जागेत घोळत राहतो, गिटारवाला तार खेचून तिथे पोचतो, माउथ ऑर्गनवाला श्वास वाकवून. पेटीवर ती जागा नाही, पण आपल्या गळ्यात आहे. ब्लूजची सगळी आर्तता त्या अर्ध्या वाटेवरच्या गंधारात आहे, असं माझं मत आहे. मराठी कानाला ती पटकन सापडते, कारण श्रुती आणि मींड आपण घरीच ऐकलेली असते.

सांगाडा हाताला बसला, की रोलिंग स्टोन्सच्या एप्रिल १९६४ मध्ये आलेल्या पहिल्या एलपीवरचं (मोठ्या तबकडीवरचं) पहिलं गाणं लावा: ‘रूट ६६’. बोटांवर बारा विभाग मोजा. पाचव्याला गाणं ‘म’वर सरकतं, नवव्याला ‘प’वर उडी मारतं. एकदा ते ओळखू आलं, की या काळातली निम्मी गाणी तुम्हाला आतून दिसायला लागतील. मग ‘सगळं सारखंच’ ही तक्रार राहत नाही. आवर्तन तेच असतं आणि त्या आवर्तनात कोण काय करतो, तेच ऐकायचं असतं. त्रितालही तोच असतो की!

जोडीने ऐका

ब्रिटनमधली ही पोरं हे संगीत शिकली ती तबकड्यांवरून. १९६१ च्या ऑक्टोबरात डार्टफर्ड स्टेशनात जॅगर आणि किथ रिचर्ड्स यांची पुन्हा गाठ पडली. ते दोघे लहानपणी शेजारी-शेजारी राहिलेले, पण नंतर मैत्री जुळली ती जॅगरच्या काखेतल्या चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्यांमुळे. त्या तबकड्या मिळायच्याही मुश्किलीने. आणि ते कलाकार प्रत्यक्ष बघायला मिळणं आणखी अवघड. शिकागोचा ब्लूज-गायक मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात विजेची गिटार होती. ब्लूज म्हणजे साधी गिटार घेऊन गाणारा खेडूत, अशी समजूत करून बसलेल्या कितीतरी श्रोत्यांना तो आवाज सोसवला नाही. कॉर्नर आणि डेव्हिस मात्र त्याच आवाजाच्या मागे लागले.

म्हणून मूळ गाणं आणि ब्रिटिश गाणं अशी जोडी लावून ऐका. आधी मूळ, लगेच मागोमाग दुसरं. सुरुवातीला चार जोड्या पुरेत:

‘लिटल रेड रूस्टर’: हाउलिन वुल्फ (१९६१), मग रोलिंग स्टोन्स (१९६४).
‘बेबी प्लीज डोन्ट गो’: बिग जो विल्यम्स (१९३५), मग बेलफास्टचा ‘देम’ हा बँड (१९६४).
‘ऑल युअर लव्ह’: ओटिस रश (१९५८), मग जॉन मेयॉलचे ब्लूजब्रेकर्स (१९६६).
‘आय’ड रादर गो ब्लाइंड’: एटा जेम्स (१९६७), मग ‘चिकन शॅक’ (१९६९).

पहिल्या जोडीजवळ थोडं थांबा. विली डिक्सनने लिहिलेलं हे गाणं संथ आहे, नाचाच्या बाजारात न खपणारं. स्टोन्सने ते जवळजवळ तसंच ठेवलं. ब्रायन जोन्सच्या बोटातली काच-नळी गिटारीच्या तारेवरून घसरते तेव्हा कोंबड्याची नुसती सावली अंगणातून गेल्यासारखी वाटते. डिसेंबर १९६४ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने स्टोन्सना बोलावलं, तेव्हा हाउलिन वुल्फही त्या कार्यक्रमात गायला आणि ही मंडळी त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. ती चित्रफीत आजही बघायला मिळते. दांडगा, पन्नाशीतला वुल्फ गातोय आणि शाळकरी पोरांसारखे चेहरे करून हे ऐकताहेत. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात देखणं दृश्य ते आहे.

चौथ्या जोडीत ‘चिकन शॅक’साठी गाणारी क्रिस्टीन परफेक्ट पुढे क्रिस्टीन मॅकव्ही म्हणून फ्लीटवूड मॅक या बँडमध्ये गेली. एटा जेम्स गाण्यात कोसळते आणि क्रिस्टीन स्वतःला सावरून धरते. दोन्ही खरे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी. हे संगीत उसनं आहे, आणि उसनं घेणाऱ्या सगळ्यांनी ते मान्य केलं असं नाही. डिक्सनला आपल्या ओळींचं श्रेय मिळवायला १९८५ मध्ये लेड झेपेलिन या बँडवर दावा लावावा लागला. तो दोन वर्षांनी तडजोडीने मिटला. म्हणून गाण्याखाली लेखक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचायची सवय लावा. आनंद त्याने कमी होत नाही, आणि ज्याचं देणं आहे ते निदान आपल्या मनात तरी चुकतं होतं.

मैफलीतली ध्वनिमुद्रणं आधी, स्टुडिओतली नंतर

सगळ्या मार्गदर्शक याद्यांशी माझं इथे भांडण आहे. त्या गाजलेल्या स्टुडिओ-गाण्यांपासून सुरू होतात. तुम्ही यार्डबर्ड्स या लंडनच्या बँडच्या ‘फाइव्ह लाइव्ह यार्डबर्ड्स’ या एलपीपासून सुरू करा. १९६४ च्या मार्चमध्ये लंडनच्या मार्की क्लबात हे ध्वनिमुद्रण झालं. आवाज खरखरीत आहे, गर्दी ओरडतेय आणि गिटार वाजवतोय एकोणिसाव्या वर्षांच्या आत-बाहेरचा एरिक क्लॅप्टन. त्यातलं ‘स्मोकस्टॅक लायटनिंग’ पूर्ण ऐका. गाणं सुरू होतं, मग शब्द मागे पडतात आणि माउथ ऑर्गन व गिटार एकमेकांना डिवचत लय तापवत नेतात, शिखर गाठलं की एकदम खाली, आणि पुन्हा चढ. या प्रकाराला ते ‘रेव्ह-अप’ म्हणायचे. वारकऱ्यांच्या भजनात टाळ-मृदंग चढत्या लयीला लागतात, उभा असलेला माणूस कधी उड्या मारायला लागला हे त्यालाही कळत नाही, तसं. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या किथ रेल्फला दम्याचा त्रास होता, हे लक्षात ठेवून ऐकलं की छातीत कालवतं.

दुसरी एलपी: ‘रिदम अँड ब्लूज अॅट द फ्लमिंगो’ (१९६४), जॉर्जी फेम आणि त्याचा बँड. फ्लमिंगो हे सोहो भागातल्या वॉर्डूर स्ट्रीटवरचं तळघर. तिथे कॅरिबियन बेटांवरून आलेले लोक आणि अमेरिकी हवाई दलाचे कृष्णवर्णीय जवान रात्रभर नाचायला यायचे. त्यांना नकली माल चालणार नव्हता, म्हणून इथला ठेका वेगळा आहे: हॅमंड ऑर्गन, सॅक्सोफोन आणि घानाहून आलेल्या स्पीडी अक्वे याचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. गिटारीच्या गोंगाटाने डोकं उठत असेल त्यांनी इथूनच आत यावं. आमच्या घरात ज्यांना रॉक सहन होत नाही, त्यांनाही ही एलपी आवडली.

ऐकताना स्पीकर वापरा, मोठा नसला तरी चालेल. उभे राहा. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशी दुपारची वेळ निवडा.

गावोगावी

लंडनपुरतंच हे नव्हतं. न्यूकॅसल या कोळसा आणि जहाजांच्या गावातून ‘द अॅनिमल्स’ आले. एरिक बर्डनचा आवाज खाणीतून आल्यासारखा. त्यांचं ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ मे १९६४ मध्ये पहिल्याच टेकला ध्वनिमुद्रित झालं. ते बारा विभागांचं नाही आणि सहा-सहाच्या हेलकाव्यावर चालतं, दादऱ्याच्या अंगाने ऐकलंत तर लगेच जागा सापडेल. बर्मिंगहॅमच्या ‘स्पेन्सर डेव्हिस ग्रुप’मधला स्टीव्ह विनवुड बँडमध्ये आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचा गळा ऐकून वय सांगायला कोणालाही सांगा, चुकणारच. त्यांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘कीप ऑन रनिंग’ लिहिलं होतं जमैकाच्या जॅकी एडवर्ड्सने. बेलफास्टच्या ‘देम’मध्ये व्हॅन मॉरिसन होता. त्यांच्या ‘ग्लोरिया’त तीन जुळण्या आणि एका मुलीच्या नावाची सहा इंग्रजी अक्षरं एवढंच आहे. नवशिका बँड पहिल्या दिवशी तेच वाजवतो.

कॅन्व्ही बेट चुकवू नका

बहुतेक जण १९६६ ला थांबतात, कारण त्यानंतर गाणी लांबत गेली आणि गिटारवादक स्वतःच्या कौशल्यावर फिदा झाले. मला त्या लांबलचक सोलोंचं फारसं कौतुक नाही. पण १९७० च्या दशकात टेम्स नदी समुद्राला मिळते तिथल्या कॅन्व्ही या सपाट, तेलाच्या टाक्यांनी वेढलेल्या बेटावरून ‘डॉक्टर फीलगुड’ नावाचा बँड आला आणि त्याने पुन्हा तळघराची हवा आणली. ब्लूज जिथे वाढला त्या मिसिसिपीच्या डेल्टासारखा आमचा हा टेम्स डेल्टा, असं ते अभिमानाने म्हणायचे.

त्यांचा गिटारवादक विल्को जॉन्सन. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर हा माणूस जमिनीच्या मार्गाने थेट भारतात येऊन गेला, परत जाऊन शाळेत इंग्रजी शिकवू लागला, आणि मग पूर्णवेळ वाजवायला लागला. त्याचा उजवा हात बघाच. गिटार वाजवताना बहुतेक लोक चिमटीत प्लास्टिकची नखी धरतात. विल्को मोकळ्या बोटांनी तारांवर सपासप वार करायचा. त्यामुळे ठेका आणि सूर, दोन्ही कामं एकाच हाताने व्हायची, जणू ढोलकीवाल्याला कोणी तारा लावून दिल्यात. डोळे वटारून, मंचावर इकडून तिकडे सरकत्या पावलांनी धावत, गिटार बंदुकीसारखी रोखून. शेजारी ली ब्रिलो मळक्या सुटात, आवाजात खडी घातल्यासारखा. जानेवारी १९७५ मधली त्यांची पहिली एलपी ‘डाउन बाय द जेटी’ त्यांनी मुद्दाम मोनोत, म्हणजे डावं-उजवं न करता एकाच ध्वनीत, काढली. आणि १९७६ मध्ये ‘स्टुपिडिटी’, पुन्हा मैफलीतलं ध्वनिमुद्रण, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मैफलीपासून सुरुवात करा, हा माझा हट्ट का ते इथे कळेल.

२०१३ च्या सुरुवातीला विल्कोला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं; थोडेच महिने हातात आहेत असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्याने केमोथेरपी नाकारली आणि निरोपाचा दौरा काढला. पुढच्या वर्षी एका मोठ्या शस्त्रक्रियेने गाठ निघाली, तो वाचला, आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत जगला. निरोपाच्या त्या दौऱ्यातल्या चित्रफिती शोधून बघा. मरणाची तारीख मिळालेला माणूस इतक्या आनंदाने वाजवताना मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा लेकीकडे, भावाकडे जाणाऱ्या मराठी माणसांना सांगायचं तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर शंभर नंबरला ‘हंड्रेड क्लब’ हे तळघर अजून चालू आहे. तिथले कार्यक्रम आधी बघून तिकीट काढा. ईलिंगच्या त्या वाटेवर २०१२ मध्ये स्मृतिफलक लागलाय. रिचमंडला स्टेशनासमोरच्या हॉटेलात क्रॉडॅडी क्लब सुरू झाला. त्या क्लबात आधी स्टोन्स वाजवायचे, आणि क्लब दुसऱ्या जागी हलल्यावर यार्डबर्ड्स. एका दुपारी दोन्ही ठिकाणं पायाखाली घालता येतात.

मुंबईत रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर येऊन गेले. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला, आणि बडी गायसारखा शिकागोचा मूळ पुरुष तिथे वाजवून गेलाय. मूळ झाड बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

शेवटी, एक माउथ ऑर्गन घ्या

गिटार शिकायला वर्षं लागतात. माउथ ऑर्गन खिशात मावतो आणि सिरिल डेव्हिसने तो दिवसा मोटारींच्या डेंटिंगचं काम करून वाजवला. १९६३ चं त्याचं ‘कंट्री लाइन स्पेशल’ ऐका. पुढच्याच जानेवारीत तो गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

खरेदी करताना मात्र जपा. मी पहिला घेतला तो दुकानदाराने दाखवलेला, लांबलचक, छिद्रांच्या दोन ओळींचा, थरथरता आवाज देणारा. हिंदी गाण्यांना तो छान, पण त्यावर स्वर वाकत नाही. महिनाभर मी माझ्याच फुप्फुसांना दोष दिला. तुम्हाला हवा तो दहा छिद्रांचा ‘डायटॉनिक’. पट्टी ‘ए’ मागा आणि तो ‘ई’ पट्टीतल्या गाण्याबरोबर वाजवा. ही आडवी पद्धत हेच ब्लूजच्या माउथ ऑर्गनचं मर्म आहे, कारण मुख्य स्वर फुंकून न येता श्वास आत ओढून येतो आणि डावीकडच्या छिद्रांत ओढलेल्या स्वरालाच वाकवता येतं.

डावीकडून दुसरं छिद्र, श्वास आत: हा तुमचा ‘सा’. तिसरं छिद्र, श्वास आत: शुद्ध गंधार. आता तोंडात जीभ किंचित मागे आणि खाली घ्या, ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ म्हटल्यासारखी. स्वर खाली लवेल. आठवडाभर काहीच लवणार नाही, मग एका संध्याकाळी लवेल, आणि पेटीवर नसलेला तो मधला गंधार तुमच्या तोंडात असेल.

तोवर पहिली तीन छिद्रं एकत्र धरून दोनदा आत, दोनदा बाहेर श्वास घेत राहा, आधी हळू, मग जोरात. गाडी स्टेशनातून सुटल्यासारखी वाटली पाहिजे. मध्येच चौथं आणि पाचवं छिद्र एकत्र ओढलंत तर शिटीही वाजते.